चित्रातला घोडा आणि नातवाची गिटार

प्रस्तुत विषय ह्या मासिकात किंचित अस्थानी वाटेल ह्याची मला जाणीव आहे. ज्या घरांत सायंकाळी परवचा म्हटला जाई आणि फार तर भजनापुरती पेटी उघडली जाई, त्या घरांत विजेवर चालणाऱ्या गिटारीची चर्चा कशाला, असे वडीलधारी मंडळी म्हणतील. मीही गेल्या दिवाळीपर्यंत तसेच म्हणत होतो. परंतु गिटार आता पुष्कळ घरांत शिरली आहे. आमच्याकडे ती तीन वर्षांपूर्वी आली, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्यापायी घरात एक वाद माजला. त्या वादात एका पक्षाचे पुढारीपण माझ्याकडे होते व तो पक्ष हरला, हे आधीच सांगून टाकतो.

वादाचे मूळ असे. माझा थोरला पुतण्या पंधरा वर्षे न्यू जर्सीस नोकरी करून सहकुटुंब पुण्यास परतला. तिकडे त्यालाही गिटारीचा नाद होता. सामानाबरोबर त्याने एक भारी वजनाची पेटी आणली. ती म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा पंधरा वॉटचा ध्वनिवर्धक. मुलांच्या बोलीत 'अँप'. "काका, मला आता वाजवायला सवड नाही. ही मी आपल्या गिटारवाल्याला देऊन टाकतो," असे तो म्हणाला. आमचा नातू सतरा वर्षांचा. त्याने पेटी उघडून पाहिली, काकाला वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "छान आहे, पण मला नको. मी मॉडेलिंगचं यंत्र घेणार आहे." हे यंत्र म्हणजे जुन्या नामांकित ध्वनिवर्धकांच्या आवाजाची आकड्यांनी हुबेहूब नक्कल करणारा एक छोटा संगणकच. त्यासाठी तो मुंजीतल्या भिक्षावळीचे, पोस्टात ठेवलेले पैसे मोडणार होता.

फुकट मिळणारी अस्सल वस्तू नाकारायची आणि भिक्षावळीच्या पैशांनी नक्कल विकत घ्यायची! माझ्यातला मास्तर खवळून उठला ह्यात नवल ते काय?

ज्यांस हे वाद्य अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्या तंबोऱ्याला भोपळा असतो. तारेचा क्षीण नाद त्या पोकळीत घुमतो आणि भरदार होऊन बाहेर पडतो. विजेच्या गिटारीला बहुधा पोकळी नसतेच. ती एक भरीव फळी असते. तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत विजेची अगदी बारीकशी लहर उठते. ती लहर वाढवून कर्ण्यापर्यंत पोहोचविणारी जी पेटी, ती ह्या वाद्याचा भोपळाच होय. भोपळा न पाहता कोणी तंबोरा घेतो काय? म्हणून पेटीची निवड ही गौण बाब नव्हे, एवढे तरी माझ्या लक्षात आले.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आमच्या पिढीस वेगळे सांगावयास नको. लहानपणी रेडिओच्या पाठीमागल्या भोकांतून डोकावले म्हणजे जे मिणमिणते लालसर दिवे दिसत, तेच हे. बटण फिरविल्यावर अर्धा मिनिट काहीच ऐकू येत नसे. दिवे तापले म्हणजे हळूहळू निवेदकाचा आवाज वर येई. फ्लेमिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट ह्या अमेरिकन गृहस्थाने त्यात एक तारेची जाळी बसविली. पाटाच्या पाण्याचे दार जसे एका हाताने थोडे वरखाली केले तरी मोठा प्रवाह कमीजास्त होतो, तशी ही जाळी गिटारीच्या क्षीण लहरीच्या जोरावर दिव्यातील मोठा प्रवाह नाचविते. पुढे १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर निघाला आणि रेडिओतले दिवे मालवले. आमच्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही एके काळी असे व्हॉल्व्ह बनत. आता तेही जुने ते सोने म्हणून शौकीन लोक शोधत फिरतात. गिटारवाल्यांनी मात्र हे दिवे सोडले नाहीत. का सोडले नाहीत, ह्याचे कारण मोठे मौजेचे आहे.

संस्कृतात घुणाक्षरन्याय म्हणून एक न्याय आहे. वाळवीसारखा एक किडा लाकूड पोखरीत जातो आणि त्या पोखरण्यातून सहजगत्या एखादे अक्षर उमटते. किड्याच्या मनात ते लिहावयाचे नसते. गिटारीच्या ध्वनिवर्धकाचे तसेच झाले. ज्या कारागिरांनी तो घडविला त्यांना स्वच्छ, निर्मळ आवाज हवा होता. आवाज फार वाढविला म्हणजे दिव्यांची ताकद संपे, लहरीचे माथे दबून चपटे होत आणि नाद खरखरीत होई. हा दोष समजला जाई. परंतु वाजविणाऱ्या तरुणांना तोच दोष गोड लागला. इतका, की लंडनच्या 'किंक्स' ह्या मंडळीतल्या डेव्ह डेव्हिस नामक पोराने आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा कागद वस्तऱ्याच्या पात्याने चिरला आणि त्यातून निघालेला तो फाटका आवाज १९६४ च्या 'यू रिअली गॉट मी' ह्या गाण्यात जगभर गाजला. धडधाकट कर्णा हाताने फाडणारा मुलगा आमच्या वर्गात असता तर त्यास मी काय केले असते ते सांगत नाही.

पण ह्या गोडीला शास्त्र आहे. व्हॉल्व्ह थकतो तेव्हा लहरीचा माथा एकदम तुटत नाही. तो वाकतो, गोलसर होतो. असे झाले की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वयंभू स्वर त्यात मिसळतात. षड्ज छेडावा तर त्यासोबत तार षड्ज, त्यावरचा पंचम, आणखी वरचा गंधार. आपल्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली रेशमाचा दोरा सारून जवारी काढतात ती कशासाठी? तार घोडीला निसटती घासावी आणि तिच्यातून वरचे स्वर फुलावेत यासाठीच. खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो जवारीने खुलतो. दोन्हींचे कारण भिन्न आहे, परंतु कानाला मिळणारी मेजवानी एकाच जातीची. ह्या दबलेल्या आवाजात पुष्कळ स्वर एकदम वाजविले तर चिखल होतो. म्हणून ते वादक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच जोडीने वाजवितात. तंबोऱ्याच्या तारा ज्या स्वरांत लावायच्या तेच हे स्वर, हे कळल्यावर मला उगीचच बरे वाटले.

असो. तर हा दिव्यांचा ध्वनिवर्धक आम्ही प्रथम लावला तो आमच्याच उतावळेपणाने बिघडविला. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टांची, आपली २३० ची. पुतण्याने केवळ पिना बदलणारी खुंटी लावून बटण दाबले; फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. सुदैवाने पेठेत एक वयोवृद्ध रेडिओ दुरुस्त करणारे आहेत. त्यांनी पेटी उघडली, जळालेला फ्यूज आणि फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, आणि वीज उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्याशिवाय पुन्हा लावू नका, असे बजावले. काम करताना ते एक हात खिशात घालून ठेवीत. कारण विचारता म्हणाले, "मास्तर, ह्या दिव्यांवर तीनचारशे व्होल्ट खेळतात. पेटी भिंतीपासून काढली तरी ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेले असतात. दोन हातांनी शिवाल तर वाट छातीतून जाते." ज्यांच्या घरात लहान मुले आहेत व असली पेटी आहे, त्यांनी ती उघडण्याचा मोह कोणासही होऊ देऊ नये. दुसरेही एक त्यांनी सांगितले: कर्णा जोडल्याविना ही पेटी कधी चालवू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.

दुरुस्तीनंतरच्या रविवारी दुपारी दिवाणखान्यात प्रयोग झाला. हळू आवाजात पेटी गुणी पण सामान्य वाटली. "आजोबा, ह्याची गंमत आवाज वाढवल्याशिवाय येत नाही," असे म्हणून नातवाने कळ फिरविली. फडताळातली पितळी भांडी नादू लागली. माडीवर अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वहिनींनी घंटी वाजविली. पण त्या दोन मिनिटांत मी जे ऐकले ते विसरणे शक्य नाही. जोराने छेडलेला स्वर प्रथम किंचित खाली बसे, जणू श्वास घेई, आणि मग फुलत वर येई. मोठा प्रवाह एकदम मागितल्याने दिव्यांना पुरविलेल्या विजेचा दाब क्षणभर ढळतो, त्याचा हा परिणाम. बोटांचा जोर कमी केला की तोच आवाज लगेच निर्मळ होई. मी म्हटले, ह्यात प्राण आहे. नक्कल ती नक्कल.

नातू वाद घालीत नाही, ऐकून घेतो. त्याने एवढेच विचारले, "आजोबा, पण हा आवाज मी वाजवणार कधी?"

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गणित असे की ध्वनिवर्धकाची शक्ती निम्मी केली तरी आवाज तीन डेसिबलांनीच उतरतो. कानाला तो निम्मा वाटावा अशी इच्छा असेल तर शक्ती दहा हिश्शांनी कमी करावी लागते. पंधरा वॉटांच्या जागी दीड वॉटाची पेटी आणली तरी ती भिंत ओलांडणारच. पूर्ण तापलेली ही पेटी खोलीत शंभर डेसिबलांपलीकडे जाते. आणि आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा घालून दिली आहे. माडीवर आजारी माणूस, शेजारी परीक्षेची मुले, खाली दुपारची वामकुक्षी घेणारे आम्ही. एकत्र कुटुंबात ज्या सुखासाठी बाकीच्या दहा जणांनी कान झाकावे, ते सुख महिन्यातून किती वेळा भोगता येईल?

आता त्या अंकीय यंत्राविषयी. गिटारीची लहर आत आली की यंत्र तिची एका सेकंदात बहुधा ४८,००० वेळा मोजदाद करते, त्या आकड्यांवर गणित चालविते आणि परत लहर करून बाहेर सोडते. १९९६ मध्ये लाइन ६ ह्या अमेरिकन मंडळीने अशा नकला करणारा पहिला ध्वनिवर्धक विकावयास काढला आणि १९९८ मध्ये राजम्याच्या दाण्याच्या आकाराची त्यांची एक लाल डबी घरोघर गेली. आरंभीच्या नकला काहीशा कोरड्या होत्या. फार वरचे स्वर त्या मोजदादीत न मावता भलत्याच बेसूर स्वरांच्या रूपाने खाली उतरत. पुढे आत अधिक वेगाने मोजून हा दोष पुष्कळ घालविला गेला. २०११ मध्ये केम्पर ह्या जर्मन यंत्राने निराळीच युक्ती दाखविली: समोर ठेवलेल्या ध्वनिवर्धकात ठराविक आवाज सोडायचे, बाहेर काय येते ते ऐकायचे आणि तेवढ्यावरून त्याचे चित्र काढायचे. आता तर घरच्या संगणकावर फुकट मिळणारी विद्या हेच काम करते. प्रवाहाचा दाब ढळून स्वर फुलण्याचा जो चमत्कार मी वर वर्णिला तोही त्या गणितात येतो.

गणिताला वेळ लागतो, तेव्हा तार छेडणे आणि आवाज येणे ह्यांत अंतर पडते, असा आक्षेप मी घेतला होता. हिशेब करून पाहिला. तीन सहस्रांश सेकंदाचा विलंब म्हणजे आवाजाच्या गतीने सुमारे एक मीटर. कर्ण्यापासून एक हात मागे सरकून बसावे, दोन हात म्हणा, इतकाच तो. आक्षेप मागे घेतला.

तरीही माझा मुख्य मुद्दा उभाच होता: नक्कल! येथे मला माझ्याच शास्त्राने दगा दिला. रसाच्या चर्चेत श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय सांगितला आहे. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असे म्हणतो. ते ज्ञान खरे म्हणावे तर घोडा तेथे नाही. खोटे म्हणावे तर आपण फसलेलो नाही. संशय नाही आणि 'घोड्यासारखे काही' असेही आपल्या मनात नसते. रामाची भूमिका करणाऱ्या नटाविषयी प्रेक्षकाची जाणीव अशीच असते, असे त्याचे मत. त्यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत ह्यांनी जो आक्षेप घेतला तो मी उत्साहाने नातवापुढे ठेवला: अमुक हे तमक्याचे अनुकरण आहे असे म्हणावयाचे तर मूळ वस्तू आधी पाहिलेली असली पाहिजे. राम कोणी पाहिला आहे?

मुलगा शांतपणे म्हणाला, "तेच तर, आजोबा. आत्तापर्यंत मी जेवढी गिटार ऐकली ती सगळी रेकॉर्डवर ऐकली, म्हणजे मायक्रोफोनमधून. खोलीत वाजणारा अँप मी त्या रविवारी पहिल्यांदा ऐकला. हे यंत्र रेकॉर्डवरच्या आवाजाचंच चित्र काढतं, खोलीतल्या आवाजाचं नाही. माझं मूळ वेगळं आहे, तुमचं वेगळं."

हा भेद दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून मी तो येथे मुद्दाम लिहितो. यंत्राची हेडफोनवर ऐकलेली नक्कल आणि खोलीत हवा हलविणारी पेटी ह्यांची तुलना करून पुष्कळ जण निराश होतात. फोटोची तुलना त्यातील माणसाशी न करता दुसऱ्या फोटोशी करावी. म्हणजे यंत्र कितपत साधले आहे ते कळते.

आणि मूळ तरी किती मूळ? कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर ह्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते; तो स्वतः गिटार वाजवीत नसे. त्याच्या कारखान्यातून 'बासमन' नावाचा ध्वनिवर्धक निघाला. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकविणाऱ्या व विकणाऱ्या जिम मार्शलच्या दुकानातील मंडळींनी १९६२ मध्ये त्याच बासमनचा आराखडा समोर ठेवून आपला ध्वनिवर्धक केला. इंग्लंडात मिळणारे भाग घातले, कर्णे निराळे लावले. आवाज बदलला आणि एका पिढीचा आवाज झाला. आज यंत्रे 'अस्सल मार्शल'ची नक्कल करतात. तो अस्सलच मुळात नकलेतून जन्मलेला!

यंत्राची बाजू मी एवढी मांडली, तरी त्याच्या दोन खोडी सांगितल्याच पाहिजेत. साठ वर्षांपूर्वीची पेटी आमच्या पेठेतले गृहस्थ डाग देऊन जिवंत करतात. व्हॉल्व्ह झिजतात व बदलावे लागतात. ते आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे बनतात, आणि मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा त्यांच्या किमतीची सर्वांना धास्ती पडली होती. तरी पेटी दुरुस्त होते. यंत्राचे तसे नाही. त्याच्या पोटातील एखादी चीप मेली, किंवा मंडळीने पुढची सुधारणा देणे थांबविले, की ते जुन्या मोबाईल फोनासारखे खणात जाते. दुसरी खोड मास्तराच्या दृष्टीने अधिक वाईट. यंत्रात शेकडो आवाज असतात. मुलगा तासभर बसतो आणि त्यातली पन्नास मिनिटे कळा फिरवितो. पुतण्याच्या पेटीला मोजून पाच कळा आहेत. नातवाला मी अट घातली: पहिले सहा महिने दोनच आवाज, आणि हेडफोनचा आवाज बेताचा. ती तो पाळतो असे त्याचे म्हणणे आहे.

माझा पक्ष हरला तो मात्र ह्या युक्तिवादांनी नव्हे. त्या रविवारी पेटी वाजत असता आमची मंडळी माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. त्यांनी पुष्कळ वर्षे गाण्याच्या शिकवण्या केल्या. बोटे आखडल्यापासून तंबोरा छेडवत नाही, म्हणून विजेचा तंबोरा आणला. अलीकडे तर फोनवरच सूर लावतात. रात्री निजानीज झाल्यावर मी "ह्यात प्राण आहे" म्हणून पुन्हा सुरू केले, तेव्हा त्या म्हणाल्या, "खरं आहे. पण आपला मिरजेचा तंबोरा अकरा वर्षं खोळीत आहे. तेव्हा डबी घेऊन आला होतात ती तुम्हीच. ती नसती तर माझं गाणंच थांबलं असतं."

मी गप्प राहिलो. डबी आणल्याचा पश्चात्ताप मला नाही. पण डबी आल्यावर खोळीकडे कोणी पाहिलेच नाही, हे खरे होते.

यंत्र आले. व्हॉल्व्हची पेटी पुतण्याने आपल्या नव्या जागी नेली. तेथे खाली दुकाने आहेत आणि रविवारी ती बंद असतात. ज्यांस ढोलताशासारख्या आवाजाच्या ड्रमबरोबर वाजवावयाचे आहे, किंवा ज्यांच्या घराच्या भिंतीस दुसऱ्याची भिंत लागलेली नाही, त्यांनी माझ्या मते अजूनही दिव्यांचीच पेटी घ्यावी. इतरांस यंत्र पुरे. 'मेटॅलिका' ही तर आवाजासाठी कुप्रसिद्ध मंडळी. पण ८ डिसेंबर २०१३ रोजी त्यांनी अंटार्क्टिकावरील अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर वाजविले तेव्हा सर्व श्रोत्यांना हेडफोन दिले होते, बाहेर आवाज नाही. आमच्या वहिनींची माडी त्या बर्फापेक्षा कमी पूज्य आहे काय?

एक गोष्ट मात्र नातवाने मला न सांगता केली. एका रविवारी काकाकडे जाऊन त्याने ती पेटी पूर्ण आवाजात लावली, तिच्यापुढे मायक्रोफोन ठेवला आणि संगणकाच्या विद्येने तिचे चित्र उतरवून घेतले. कळांची जी ठेवण होती त्या एकाच ठेवणीचे चित्र ते. पण पेटी तीच, पेठेतल्या गृहस्थांच्या हातची. रात्री दहानंतर त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढविले. स्वर खाली बसला, आणि फुलत वर आला. खोलीत मात्र काही हालले नाही, भांडी गप्प होती.

मग तो आजीला म्हणाला, "तुझ्या तंबोऱ्याचाही आवाज आपण नीट टिपून ठेवू. मग फोनवर तोच लाव." तिने खोळ उघडली. तारा गंजल्या होत्या, जवारी पार बसली होती. टिपून घेण्याजोगे त्यात काही उरले नव्हते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे मी वर्तमानपत्रात मोठ्या अभिमानाने वाचले होते, आणि घरातल्याची ही दशा! येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे तो घेऊन मिरजेस निघालो आहोत. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून दोन घोंगड्या काढून ठेवल्या आहेत. गुंडाळण्याचे काम नातवाकडे आहे.